एकशे पंधराचं मशीन

लेकीनं परदेशातून पाठवलेलं खोकं दारात आलं, तेव्हा कॉइलकाकूंनी ते आणणाऱ्या माणसाला पाणीसुद्धा विचारलं नाही. एरवी दारात आलेल्या माणसाला पाणी दिल्याशिवाय त्या सोडायच्या नाहीत, आणि पाण्याबरोबर चार प्रश्न विचारल्याशिवायही. त्या दिवशी मात्र त्यांनी सही केली, खोकं आत ओढलं आणि सुरी घेऊन बसल्या. आतून गुडघ्याच्या वर येईल एवढं, चाकं असलेलं पांढरं मशीन निघालं. खोलीतलीच हवा आत ओढून त्यातला ऑक्सिजन वेगळा काढायचा आणि नळीवाटे माणसाच्या नाकाशी पोचवायचा, हे त्याचं काम. काकूंनी त्याचं कौतुक केलं नाही की नळी उलगडून पाहिली नाही. त्यांनी मशीन पाठमोरं वळवलं, चष्मा पुसला आणि मागची पाटी वाचली. एकशे पंधरा व्होल्ट, साठ सायकल.

"झालं!" काकू म्हणाल्या. "एवढी शिकली, पण विकत घेण्याआधी पाटी वाचायची नाही म्हणजे नाहीच."

त्यांच्या घरात, गल्लीत आणि सगळ्या गावात वीज दोनशे तीस व्होल्टची होती. पाटीवरच्या दुसऱ्या आकड्याकडे, त्या साठ सायकलकडे, काकूंचं लक्ष गेलं नाही असं नाही. पण पहिल्याच आकड्यानं त्यांच्या डोक्यात कामाला सुरुवात करून दिली होती, आणि काकूंचं डोकं एकदा कामाला लागलं की बाकी सगळ्यांनी बाजूला व्हायचं असतं.

कॉइलकाकू हे नाव गल्लीनं दिलेलं. जळालेल्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात त्यांची हयात गेली. पंप जळो, पंखा जळो, नाहीतर एखाद्या गिरणीची भलीमोठी मोटार जळो, तिच्या पोटातली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी तार तितक्याच जाडीची, तितक्याच वेढ्यांची पुन्हा गुंडाळायची, हे त्यांचं काम. खरं तर त्या तिथे लागल्या होत्या झाडलोट करायला. मग तारेच्या खाली घालायचे कागद कापायला बसल्या. एक दिवस मोठा मिस्त्री आजारी पडला, गिऱ्हाईक दारात येऊन खेकसायला लागलं आणि मालक डोक्याला हात लावून बसला, तेव्हा कागद कापता कापता त्या म्हणाल्या, "मी गुंडाळते." मालक हसला. मोटार चालली. त्यानंतर मालकानं हसायचं सोडून दिलं आणि मिस्त्रीनं आजारी पडायचं.

वेढे मोजताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, असा कारखान्याचा दंडकच होता. कुणी मध्ये तोंड घातलं, तर काकू सगळी तार उलगडून पहिल्यापासून सुरू करायच्या आणि मग दिवसभर त्या माणसाची खैर नसायची. हा दंडक त्यांनी घरीही आणला. लेकीची वेणी घालतानासुद्धा त्यांचे ओठ हलत असायचे. "आई, वेणीचे कसले वेढे मोजतेस गं?" लेक विचारायची. काकू नुसतं बोट वर करायच्या.

हे सगळं निभावून नेणारा नवरा त्यांना मिळाला, हे त्यांचं नशीब. काका फरशीला पॉलिश करायचे. दगड घासून असा आरसा करायचे, की घरमालकीण त्यात आपला भांग नीट करून घ्यायची. आणि बोलायचे! काकूंच्या घरात बोलण्याचं सगळं खातं काकांकडे होतं. कामावरून आले की कुणाच्या घरात कुणाची भांडणं झाली, कुठल्या सासूनं सुनेला काय सुनावलं, याची साग्रसंगीत नक्कल व्हायची. दगडाची पांढरी धूळ मात्र त्यांच्या पापण्यांवरसुद्धा बसलेली असायची. "तोंडाला फडकं बांधा," असं काकू रोज बजावायच्या. काका रोज बांधायचे आणि गल्लीचं वळण आलं की सोडायचे, कारण फडक्यातून बोलता येत नाही. ती धूळ शेवटी छातीत जाऊन बसली.

आता काका हॉस्पिटलमध्ये होते, कोपऱ्यातल्या खाटेवर, नाकात नळी घालून. दोन शब्द बोलले की दम घ्यायचा, मग तिसरा. ऐकायला सगळा वॉर्ड तयार, पण बोलायला छाती तयार नाही, असं झालं होतं. त्यांनी मग बोलायचंच सोडलं. जेवणही टाकायला लागले. डॉक्टरीणबाईंनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, "औषधं घरीही देता येतील. पण ऑक्सिजन एक मिनिटही बंद पडता कामा नये. घरी चांगलं मशीन असेल, ते आमच्या माणसानं तपासून पास केलं, तर न्या. नाहीतर मी सोडणार नाही."

काकू खाटेपाशी आल्या तेव्हा काकांनी त्यांचं मनगट धरलं. "घरी... ने," ते म्हणाले. आणि बऱ्याच वेळानं, "इथे... नको."

"नेते," काकू म्हणाल्या. "मी नेते म्हटलंय ना? मग नेते." एवढंच बोलून त्या बाहेर आल्या आणि जिन्यात उभ्या राहून त्यांनी लेकीला फोन केला. लेकीनं पुढचा मागचा विचार न करता, तिथे मिळतं त्यातलं सगळ्यात चांगलं मशीन रवाना केलं. तेच हे.

खोकं आल्याची बातमी जिन्यातून वर गेली आणि वरच्या मजल्यावरचे भाऊजी हातात एक ठोकळा घेऊन खाली उतरले. भाऊजी दोनदा परदेशी जाऊन आले होते, आणि दोनदा जाऊन आलेल्या माणसाला सगळं माहीत असतं.

"वहिनी, या मशीनच्या पिना चपट्या. आपल्या भोकांत जाणार नाहीत. हा ठोकळा लावा, झालं काम!"

"भाऊजी, टोपी बदलली म्हणून डोकं बदलतं का?"

"म्हणजे?"

"हा ठोकळा फक्त पिनांचा आकार बदलतो. आतली वीज तीच राहते. नळाला बारीक पाइप जोडला आणि वरून टाकीचा सगळा दाब सोडला, तर पाइप फाटेल की नाही? व्होल्ट म्हणजे तो दाब. हे मशीन एकशे पंधराचं. आपल्या भिंतीतून येतो तो दुप्पट. बटण दाबलं की फाट् होईल आणि धूर तुमच्या मजल्यापर्यंत येईल."

"पण माझ्या मोबाइलचा चार्जर तिथेही चालला, इथेही चालतो."

"चष्मा आहे का? त्याच्यावर वाचा. शंभर ते दोनशे चाळीस लिहिलेलं असेल. त्याच्या पोटात दोन्ही पचवायची सोय आधीच करून ठेवलेली असते. याच्या पोटात नाही."

भाऊजींनी खिशातून चार्जर काढला, वाचला आणि ठोकळा दुसऱ्या खिशात घातला. माणूस चांगला. त्यांनी लगेच दुसरा उपाय काढला: प्रवाशांसाठी मुठीएवढा डबा मिळतो, तो दाब कमी करतो. काकूंनी तोही निकालात काढला. तो डबा केस वाळवायच्या यंत्राला घटकाभर लावायचा असतो. त्याच्यावर रात्रंदिवस मोटार चालवायची म्हणजे आगीला आमंत्रण.

"मग करणार काय?"

"ट्रान्सफॉर्मर. मी गुंडाळते," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कारखान्यात जाऊन आपल्या जुन्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. मालकाचे केस आता पांढरे झाले होते. "काकू, तयार ट्रान्सफॉर्मर बाजारात मिळतो," तो म्हणाला.

"मिळतो. पण त्याच्यात कुणी कुठली तार घातली आणि वेढे घालताना त्याचं लक्ष कुठे होतं, हे मला सांगाल का? माझ्या माणसाचा श्वास त्यातून जायचाय."

मालकानं मुकाट्यानं तारेचं रीळ काढून दिलं. काकू कितीतरी दिवसांनी त्या स्टुलावर बसल्या आणि बोटांना सगळं आठवायला लागलं. लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा, त्यावर घराकडच्या विजेची कॉइल, मग जाड कागद, मग मशीनकडची कॉइल. दोन्ही तारा एकमेकींना कुठेही शिवायच्या नाहीत, म्हणजे उद्या आत काही बिघडलं तरी दोनशे तीसचा दाब मशीनपर्यंत पोचायचा नाही. या बाजूला जितके वेढे, त्या बाजूला त्याच्या निम्मे, आणि ओझ्यानं दाब जरा खाली येतो म्हणून वर थोडे जास्त. मोटार सुरू होताना हिसका देऊन जास्त वीज ओढते, म्हणून त्यांनी ट्रान्सफॉर्मर गरजेपेक्षा चांगला दांडगा केला. कारखान्यात तोवर कुणी शिंकलंसुद्धा नाही.

काम झालं तेव्हा त्यांनी आधी त्याच्यावर दिवे लावून पाहिले, मग मीटर लावलं. काटा एकशे पंधराला येऊन असा थांबला, की मालकानं दोन्ही हात जोडले. काकूंना ते आवडलं. उगाच कशाला खोटं बोला, त्यांना ते फार आवडलं.

घरी मशीन सुरू झालं. हिरवा दिवा लागला, नळीतून वारा यायला लागला. काकूंनी लेकीला फोन लावला आणि मशीनचा आवाज ऐकवला. "चाललं गं तुझं मशीन! तुझं मशीन आणि माझा ट्रान्सफॉर्मर!" लेक पलीकडे हसली आणि हसता हसता रडली. ते मशीन मिळवायला तिनं सुट्टीच्या दिवशीसुद्धा कामं केली होती. "आता बाबा घरी येतील ना?" तिनं विचारलं. "आले म्हणून समज," काकू म्हणाल्या. काही वाक्यं बोलून झाल्यावर परत घेता येत नाहीत, त्यातलं हे एक.

हॉस्पिटलची मशीन तपासणारी मुलगी आली ती पाठीवर बॅग टाकून, गल्लीतून धावत. वयानं लेकीपेक्षाही लहान असेल, पण कामात गंमत नाही. तिनं मशीन सुरू केलं, नळीच्या टोकाला एक छोटं यंत्र लावलं आणि म्हणाली, "जरा चालू द्या, काकू. थंड मशीन काहीही सांगतं."

मशीन चालत राहिलं. मुलीनं तेवढ्यात ट्रान्सफॉर्मर पाहिला, मीटर लावलं आणि भुवया उंचावल्या. "कुठून आणलात? बरोब्बर एकशे पंधरा देतोय." काकूंनी कुठून ते सांगितलं, जरा सविस्तरच सांगितलं. त्या सांगत असतानाच मशीनवरचा हिरवा दिवा गेला आणि पिवळा लागला.

मुलीनं हातातलं यंत्र पाहिलं. "शंभरात नव्वदच्या वर ऑक्सिजन यायला हवा. इथे ऐंशीसुद्धा नाही." तिनं नळी काढून पुन्हा लावली, जाळी पाहिली, पुन्हा मोजलं. आकडा आणखी खाली आला. "व्होल्टेज बरोबर आहे, गळती कुठे नाही. मशीन कोरं आहे. मग ऑक्सिजन जातोय कुठे? काकू, मला खरंच कळत नाही."

काकूंनी मशीनच्या पाठीवर तळहात ठेवला. पाठ तापली होती. असायला हवी त्यापेक्षा जास्त. मग त्यांनी कान लावला. आतली मोटार घुमत होती, पण जड, ओझं घेऊन चढ चढणाऱ्या माणसासारखी. हा आवाज त्यांनी आयुष्यभर ऐकला होता. असा आवाज आला की त्या गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायच्या, ही मोटार कुठून आणलीत, किती सायकलची आहे?

"बंद कर," त्या म्हणाल्या. "बंद कर आधी."

मग त्या तिथेच जमिनीवर बसल्या. मुलगी घाबरली, पाणी आणायला धावली. काकूंनी तिला हातानंच थांबवलं. "मला काही झालं नाही. साठ सायकल! पाटीवर लिहिलंय. मी वाचलं होतं."

वीज एका दिशेनं सरळ धावत नाही. ती झुलते, पुढे-मागे, पुढे-मागे. इथे एका सेकंदात पन्नास वेळा, लेकीच्या देशात साठ वेळा. या मशीनची मोटार त्या झोक्यांवर चालते. झोके कमी मिळाले की ती सावकाश फिरणार, हवा कमी ढकलणार, ऑक्सिजन कमी निघणार आणि वर मोटार तापत जाणार, ती एक दिवस जळेपर्यंत. ट्रान्सफॉर्मर दाब कमी करतो, झोके वाढवत नाही. हे काकूंना माहीत नव्हतं का? झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण गुंडाळणाऱ्या बाईला सगळ्या दुखण्यावर गुंडाळणं हाच इलाज दिसतो. आपल्या हातचं काम नवऱ्याच्या उपयोगी पडणार, या आनंदात त्यांनी तो दुसरा आकडा बाजूला सारला होता. तू आली नसतीस तर मी हे यांच्या नाकाला लावलं असतं, असं त्या मुलीला म्हणाल्या.

मुलगीही खाली बसली. "मलाही कळलं नव्हतं, काकू. माझ्या यंत्रानं नुसती चूक दाखवली, तिचं कारण तुम्ही सांगितलंत." मग तिनं मार्ग सांगितला. हॉस्पिटलकडे इथल्याच विजेवर चालणारी मशीनं आहेत, ती घरी वापरायला देतात. पण घर तपासूनच. तिनं भिंतीतल्या सॉकेटमध्ये आपल्या मीटरच्या दोन सुया घातल्या, मग एक तिसऱ्या भोकात घालून पाहिली आणि मान हलवली. "हे भोक नुसतं शोभेचं आहे. अर्थिंगच नाही, गळलेली वीज जमिनीत जायला वाटच नाही."

काकूंची मान खाली गेली. घरातली इस्त्री झिणझिण्या देते हे सगळ्यांना ठाऊक होतं. इस्त्री करायची तर पायात रबरी चप्पल घालायची, ही त्या घरची रीतच पडली होती. लेकीनं तर शाळेत असताना एका पाहुणीला अगदी प्रेमानं सांगितलं होतं, "आमची इस्त्री चावते, चप्पल घाला." सगळ्या गावाच्या मोटारी नीट करणारी बाई, आणि तिच्या घरात हे! फ्रीज, टीव्ही आणि पंखा तर एकाच लांब वायरच्या बोर्डावर लटकलेले.

"अर्थिंग, मशीनसाठी मीटरपासून वेगळी लाइन, आणि व्होल्टेज दिवसभर नीट राहतं याची खात्री," मुलगी म्हणाली. "एवढं झालं की बोलवा. मी येते."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. काकूंनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

"थोडासाच फरक असेल ना, आई? डॉक्टरांना विचारून नळीतला वारा जरा वाढवून..."

"नाही."

"मग झोके बदलणारं यंत्रही मिळतं. मी शोधते. यायला वेळ लागेल, पण..."

"वेळ नाही गं. ते जेवत नाहीत. इथलं मशीन मिळतंय, ते लावणार."

मग लेक म्हणाली, "मी इथे बसून दुसरं काय करू शकते, सांग ना. एक मशीन पाठवलं. तेही तुला चालत नाही. माझं काहीच कधी तुला चालत नाही, आई."

हे काकूंना लागलं. इतकं लागलं की क्षणभर मनात आलं, लावावं तिचं मशीन, जाऊ दे. मग तो जड, दमलेला आवाज आठवला. "तुझ्या मनासाठी मी यांना कमी श्वास देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "राग धर माझ्यावर. धर खुशाल." लेकीनं फोन ठेवला, आणि त्यानंतर केला नाही.

काकूंनी दुसऱ्या सकाळी वायरमनला घरी आणलं, म्हणजे अक्षरशः हाताला धरून आणलं. तो दुसरीकडे निघाला होता. मनानं उमदा गडी, पण कामाला सोपी वाट शोधणारा. त्यानं घर पाहिलं आणि म्हणाला, "काकू, अर्थिंगचं एवढं काय? नळाला तार बांधतो. पाच मिनिटांचं काम."

"नळाला? जमिनीतला पाइप प्लास्टिकचा आहे. उद्या वीज गळली तर जमिनीत जायची नाही, सगळ्या घरांच्या नळांत जाऊन बसेल. वरचे भाऊजी आंघोळ करताना नाचायला लागतील."

"सगळे तसंच करतात."

"मग सगळ्यांकडे मला घेऊन चल, मी सोडून देते."

वायरमननं कानाला हात लावला. अर्थिंगसाठी जमिनीत खोल खड्डा लागणार होता, आणि जमीन होती ती फक्त मागच्या अंगणात. ते अंगण काकांनी स्वतः घडवलं होतं. कामावरून उरलेले रंगीबेरंगी दगड आणून, जुळवून, घासून. त्यावर कुणी खुर्ची ओढली तरी काका जेवणावरून उठायचे. वायरमनसुद्धा छिन्नी हातात घेऊन घुटमळला.

काकू हॉस्पिटलला गेल्या. "अंगण फोडावं लागतंय," त्यांनी काकांना सांगितलं. "न विचारता फोडणार नाही. पण नाही म्हणालात तरी फोडणार आहे."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. डोळ्यांत जुनी मिस्कील चमक आली. "फोड," ते म्हणाले. दम घेतला. "पण... कडेनं."

कडेनंच फोडलं. पहिला घाव काकूंनी घातला, कारण वायरमनचा हात चालेना. खड्डा झाला, त्यात तांब्याची पट्टी उभी केली, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, वर पाणी ओतलं, आणि तिथून जाड तार थेट काकांच्या खाटेच्या भिंतीपर्यंत आली. मीटरपासून मशीनसाठी वेगळी लाइन निघाली, तिच्यावर वीज कुठे गळली की झटक्यात तोडणारं बटण बसलं. लांब वायरचा तो बोर्ड काकूंनी स्वतःच्या हातानं कापला, म्हणजे मोह नको. वायरमन जाताना म्हणाला, "काकू, तुम्ही माझ्या मिस्त्री असता तर मी एकतर खूप शिकलो असतो, नाहीतर पळून गेलो असतो."

एक अडचण राहिलीच. काकू मीटर घेऊन दिवसाच्या निरनिराळ्या वेळी सॉकेट तपासत होत्या. सकाळी दोनशे तीस ठीक. पण समोरच्या धोबीखान्यातली मोठी यंत्रं सुरू झाली की आकडा धपकन खाली, आणि ती बंद झाली की नेहमीपेक्षाही वर. दिवे मंद होतात हे गल्लीला माहीत होतं, कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. काकांच्या मशीनला वाटलं असतं. काकू धोबीखान्यात जाऊन भांडल्या नाहीत, त्याचा काही उपयोग नव्हता. त्यांनी वीज कंपनीच्या ऑफिसात रोज जाऊन बसायला सुरुवात केली. तिसऱ्यांदा त्यांना पाहिल्यावर तिथला साहेब उठून म्हणाला, "चला बाई, दाखवा." गल्लीच्या खांबावरची एक सैल, जळकी जोडणी त्यांच्या माणसांनी बदलली, तेव्हा निम्मा त्रास गेला. उरलेल्यासाठी काकूंनी चांगला स्टॅबिलायझर बसवला. या वेळी तयार विकत घेतला, आणि घेताना पाटीवरचे सगळे आकडे दुकानदाराला मोठ्यानं वाचून दाखवायला लावले.

मुलगी पुन्हा आली. तिसऱ्या भोकात सुई घातली आणि हसली. हॉस्पिटलचं मशीन लावलं, वीज गेली तर असावा म्हणून ऑक्सिजनचा एक राखीव सिलिंडर कोपऱ्यात उभा केला, आणि दोघी समोर बसल्या. हिरवा दिवा हिरवाच राहिला. आकडा नव्वदच्या वर गेला आणि तिथेच थांबला. काकूंनी पाठीवर हात ठेवला, कान लावला. मोटार हलकी, मोकळी चालत होती.

"आता वीज गेली," मुलगी म्हणाली, आणि तिनं मेन स्विच बंद केला. "काय कराल?"

काकू उठल्या. कोपऱ्यातल्या राखीव सिलिंडरची चावी फिरवली, नळी मशीनवरून काढून सिलिंडरला लावली, वारा आपल्या गालावर घेऊन पाहिला. घाई केली नाही. मुलीनं मान डोलावली. "घेऊन या काकांना."

काका आले. आल्या आल्या अंगणाच्या कडेला बघून त्यांनी तोंड वाकडं केलं, पण जेवले. दुसऱ्या दिवशी मागून जेवले. काकूंचं मात्र मन थाऱ्यावर नव्हतं. लेकीचं पांढरं मशीन खोक्यात परत घालून त्यांनी कोपऱ्यात ठेवलं होतं, आणि फोन वाजला की त्या धावायच्या. तो लेकीचा नसायचा. लेक काकांची चौकशी वरच्या भाऊजींकडे करते, हे त्यांना कळलं होतं. तेही त्यांनी गिळलं.

मग एका दुपारी लेकीचा फोन आला. आवाज कोरडा होता. "बाबांना दे." काकूंनी फोनचा आवाज मोठा केला आणि तो काकांच्या उशीवर ठेवला.

"बाबा, बोलू नका. नुसतं ऐका. दम लागेल," लेक म्हणाली.

काका उशीवर जरा वर सरकले. "दम कसला लागतोय, अगं मी आल्यापासून तुझी आई दर घटकेला येऊन मशीनची पाठ चाचपते, कान लावून ऐकते, नळीतला वारा बघते आणि मला म्हणते गप्प पडा, त्यामुळे मला नीट कळेनासं झालंय की मी घरी आलोय की तिच्या कारखान्यात दुरुस्तीला पडलेली मोटार आहे, तेव्हा तूच तिला विचार की माझी डिलिव्हरी कधी आहे!"

एवढं सगळं त्यांनी एका दमात म्हटलं. कुठेही न थांबता. म्हणून झाल्यावर त्यांनाच नवल वाटलं, आणि ते काकूंकडे बघायला लागले.

फोनमधून हुंदका आला, आणि त्याच्या मागून हसू. "बाबा, तुम्ही... एवढं लांब..." लेकीला पुढचं बोलता येईना. तिला सावरायला जरा वेळ लागला. "आई," ती म्हणाली, "आहेस ना तिथे?"

"आहे."

"ते माझं मशीन परत पाठव. माझ्या शेजारच्या आजोबांना लागतंय. त्यांना चालेल ते."

"पाठवते," काकू म्हणाल्या. आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण इतक्या दिवसांचं सगळं रडू एकदम वर आलं होतं, आणि आज ते आवरायचं त्यांना काही कारण दिसेना. काकांनी हात लांब करून त्यांचं मनगट धरलं आणि लेकीला हॉस्पिटलमधल्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाची नक्कल करून दाखवायला लागले.